कारपूल लेनमध्ये मागे कोणी चिकटलं तर: कॅलिफोर्नियात नव्याने गाडी चालवणाऱ्यांसाठी

कॅलिफोर्नियात लायसन्स हातात पडलं, गाडी घेतली आणि ऑफिसातले दोघं-तिघं मिळून फ्रीमॉन्टहून सनीव्हेलला किंवा अर्वाइनहून लॉस एंजेलिसकडे जाऊ लागले, की कारपूल लेन आपोआप रोजची होते. शेजारच्या चार लेन तुंबलेल्या असताना डावीकडची ही एक लेन वाहत असते. आणि याच लेनमध्ये नवख्या चालकाची पहिल्यांदा घाबरगुंडी उडते. आरशात एक उंच पिकअप ट्रक भरून येतो, त्याचे हेडलाइट डोळ्यांवर येतात. डावीकडे काँक्रीटची भिंत, उजवीकडे थांबलेल्या गाड्या, आणि मागचा हटायला तयार नाही.

मागच्याचा वेग आणि त्याचा राग आपल्या हातात नसतो. आपल्या हातात दोन गोष्टी असतात: आपल्या पुढचं अंतर, आणि त्याला वाट कधी व कुठे द्यायची ते. या लेखातली प्रत्येक पायरी या दोनांपैकी एकीसाठी आहे.

या लेनमध्येच हे जास्त का होतं

कारपूल लेन म्हणजे दोन-तीन किंवा जास्त माणसं बसलेल्या गाड्यांसाठी राखीव, रस्त्यावर पत्त्यांतल्या चौकटसारखा पांढरा आकार रंगवलेली, सगळ्यात डावीकडची लेन. बहुतेक ठिकाणी ती एकच लेन असते, म्हणजे लेनच्या आत ओव्हरटेक करायला जागाच नसते. ६५ मैलांनी जाणारा आणि ८० ने जाऊ पाहणारा एकामागोमाग अडकले, की मागचा चिकटतो. डावीकडचा शोल्डर, म्हणजे लेनबाहेरची रस्त्याकडेची पट्टी, बऱ्याच ठिकाणी इतका अरुंद असतो की त्यात अख्खी गाडी मावत नाही.

दुसरं कारण गैरसमजाचं. अनेकांना ही 'फास्ट लेन' वाटते. तिथली वेगमर्यादा बाकीच्या लेनइतकीच असते, बहुतेक फ्रीवेवर ताशी ६५ मैल, म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर. लेन बांधली ती कमी गाड्यांतून जास्त माणसं नेण्यासाठी. ज्या कारपूल लेनमध्ये टोल घेऊन एकट्या चालकालाही येऊ देतात, तिच्याकडून केंद्रीय कायद्याची अपेक्षा गर्दीच्या वेळी सरासरी किमान ताशी ४५ मैल वेग राखण्याची आहे, ८० ची नाही. त्यामुळे तुम्ही ६५ ने, समोरच्या गाड्यांच्या ओघात जात असाल तर तुमचं काही चुकत नाही, हे मनाशी पक्कं असू द्या. घाबरलेला चालक वेग वाढवतो, आणि मग वेगाचा दंड त्यालाच बसतो. 'मागचा ढकलत होता' हे कारण पोलिस ऐकत नाहीत.

याची दुसरी बाजूही आहे. तुमच्या पुढे अर्धा मैल रस्ता मोकळा आहे, मागे आठ-दहा गाड्यांची रांग आहे आणि तुम्ही ५५ ने चाललात, तर अडथळा तुम्हीच आहात. ओघापेक्षा हळू चालणाऱ्याने उजवीकडे राहावं असं कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्याचं कलम २१६५४ सांगतं. मागे चिकटणं हा गुन्हा आहेच, त्याचं कलम २१७०३. पण आधी समोर बघा, मग मागच्याला नावं ठेवा.

आपण कोणत्या प्रकारच्या लेनमध्ये आहोत, हे आधी ओळखा

सुटका कशी करायची ते सगळं यावर ठरतं.

उत्तर कॅलिफोर्नियात, म्हणजे बे एरिया आणि सॅक्रामेंटोच्या बाजूला, साध्या कारपूल लेन बहुतेक सोमवार ते शुक्रवार, सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या तासांपुरत्या असतात. नेमके तास पाटीवर लिहिलेले असतात. शेजारच्या लेनपासून त्यांना तुटक रेषा वेगळी करते, म्हणजे कुठूनही आत शिरता येतं आणि कुठूनही बाहेर पडता येतं. त्या तासांबाहेर ही लेन सगळ्यांसाठी खुली, साधी डावी लेन असते. रविवारी सकाळी मुलांना मराठी शाळेत सोडायला निघालात तर तिथे कारपूलचा नियम नसतो, पण 'हळू असाल तर उजवीकडे' हा नियम असतो.

दक्षिण कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिस आणि ऑरेंज काउंटीत, बहुतेक कारपूल लेन चोवीस तास लागू असतात आणि जोड रेषांनी बंद केलेल्या असतात. रेषा पांढऱ्या असतात, काही जुन्या ठिकाणी पिवळ्या. या जोड रेषा ओलांडायच्या नाहीत. मधेमधे तुटक रेषेचे पट्टे येतात, तेवढ्याच ठिकाणी आत-बाहेर करता येतं. ६५ च्या वेगात असा पट्टा साधारण पंधरा-वीस सेकंदांत संपतो.

तिसरा प्रकार एक्सप्रेस लेनचा, म्हणजे टोल घेणाऱ्या लेनचा: ८८०, ६८०, २३७, १०१ या नंबरांच्या फ्रीवेवर काही टप्प्यांत. इथे टोलसाठीचं फास्टट्रॅकचं उपकरण गाडीत लागतं आणि त्यावर १, २ किंवा ३ हा माणसांचा आकडा लावायचा असतो. तो घरून निघण्याआधी लावा. चालत्या गाडीत, मागे ट्रक चिकटलेला असताना त्या बटणाशी खेळायचं नाही.

आपण लेनमध्ये असायला पात्र आहोत ना, तेही तपासा, कारण पाटीनुसार दोन माणसं लागतात की तीन हे रस्त्यागणिक बदलतं. कार सीटमधलं तान्हं बाळ एक माणूस म्हणून मोजतात. पोटातलं बाळ मोजत नाहीत. भारतातून आलेले आईबाबा अर्थातच मोजले जातात. विजेवर चालणाऱ्या गाड्यांना स्टिकरवर एकट्याने ही लेन वापरायची सवलत होती, ती ३० सप्टेंबर २०२५ ला संपली. जुन्या मित्राने सांगितलेल्या माहितीवर विसंबू नका. चुकीचा दंड किमान ४९० डॉलर आहे, आणि आपण इथे नियमात बसत नाही ही धाकधूक असलेला माणूस दबावाखाली हमखास चुकतो.

निघण्यापूर्वी पाच मिनिटं

मागून धडक बसलीच तर मान वाचवतो तो हेडरेस्ट. त्याची वरची कड डोक्याच्या माथ्याच्या पातळीला आणा. डोक्याचा मागचा भाग आणि हेडरेस्ट यांत १० सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर नको, जितकं कमी तितकं चांगलं. सीट फार मागे कलवून बसायची सवय असेल तर हे अंतर वाढतं, म्हणून पाठ थोडी सरळ करा. प्रत्येक प्रवाशाचा हेडरेस्ट असाच लावून घ्या. विशेषतः मागच्या सीटवरचे हेडरेस्ट बऱ्याच गाड्यांत खाली दाबलेलेच राहतात.

मागच्या सीटवर मुलं असतील तर कायदा असा: दोन वर्षांखालचं मूल मागे तोंड केलेल्या सीटमध्ये, ते ४० पौंड किंवा ४० इंच झालेलं नसेल तर. आठ वर्षांखालची मुलं मागच्या सीटवर, कार सीट किंवा बूस्टरमध्ये. ४ फूट ९ इंच उंची झालेल्या मुलाला बूस्टरची गरज नाही.

मधल्या आरशाच्या खाली एक छोटी कळ असते. ती ओढली की मागच्या दिव्यांचा झगमगाट मंद होतो. आरसा आपोआप मंद होणारा असेल तर ही कळ नसते. ती कुठे आहे हे अंधारात शोधायची वेळ येऊ देऊ नका. उंच पिकअपचे दिवे थेट आरशाच्या पातळीला येतात आणि पहिला घोटाळा त्या चकाकीनेच होतो.

आणखी एक, कारपूलचा खरा फायदा: गाडीत दुसरा माणूस आहे. त्याला कामं वाटून द्या. नकाशा तो बघेल, फोन लागला तर तो लावेल, बाहेर पडायचा पुढचा पट्टा कुठे आहे ते तो सांगेल. चालकाने फोन हातात धरणं बेकायदा आहे, मागच्याचं चित्रण करण्यासाठी धरला तरीही.

पायरी पहिली: खरंच चिकटलाय का, ते मोजा

पुढच्या एखाद्या खांबाची किंवा पुलाची सावली निवडा. तुमची गाडी ती ओलांडली की आरशात बघत मोजा: एक हजार एक, एक हजार दोन. मागच्या गाडीचं नाक सावलीवर पोचायला दोन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर तो चिकटलेला नाही, तुम्हाला फक्त वाटतंय. एक सेकंदाच्या आत पोचला तर धोका आहे. मोजायला वेळ नसेल तर दुसरी खूण: मधल्या आरशात त्याची पुढची नंबर प्लेट दिसेनाशी झाली की तो फार जवळ आला. हेडलाइटही दिसेनासे झाले तर तो एखाद्या गाडीच्या लांबीवर आहे.

मोटरसायकलवाला मागे आला तर त्याला या हिशेबात धरू नका. मोटरसायकलला एकट्यानेही कारपूल लेन वापरता येते आणि दोन लेनच्या मधून जाणंही कॅलिफोर्नियात कायदेशीर आहे. तुम्ही लेनमध्येच थोडं डावीकडे सरकलात की तो उजवीकडून निघून जातो.

मागे दिवे चमकत असतील तर ते कसले आहेत तेही बघा. पोलिसांच्या गाडीला समोरून एक न लुकलुकणारा लाल दिवा असतो. तो दिसला तर इंडिकेटर देऊन सगळ्या लेन ओलांडत उजव्या शोल्डरला जायचं. कारपूल लेनमध्ये असलात तरी डाव्या दुभाजकाकडे थांबायचं नाही.

पायरी दुसरी: पुढचं अंतर वाढवा

सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. नवख्यांना हे उलटं वाटतं. मागचा चिकटलाय, मग पुढे सरकायला हवं, असं पाय सांगतो. पुढे सरकलं की तोही सरकतो, आणि आता तुम्हाला ना पुढे जागा ना मागे.

आकडे बघा. ६५ मैलांचा वेग म्हणजे सेकंदाला २९ मीटर. मागचा दोन गाड्यांच्या लांबीवर, म्हणजे ९ मीटरवर आहे. तुमचे ब्रेक दिवे लागल्यापासून त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद जातो असं धरू. तुम्ही करकचून ब्रेक मारलात, तर त्या दीड सेकंदात तो तुमच्या जवळपास ८ मीटर जवळ येतो आणि तुमच्यापेक्षा ताशी ३८ किलोमीटर जास्त वेगात असतो. उरलेल्या एका मीटरमध्ये तो काहीच करू शकत नाही. तुम्ही हलक्या पायाने वेग कमी केलात, म्हणजे सिग्नलला आरामात थांबतो तसा, तर त्याच दीड सेकंदात तो दोन मीटरसुद्धा जवळ येत नाही. त्याला सावरायला वेळ मिळतो.

म्हणजे चिकटलेल्या गाडीपासून वाचण्याचा उपाय एकच: आपल्यावर करकचून ब्रेक मारायची वेळच येऊ न देणं. त्यासाठी पुढे जागा हवी. कॅलिफोर्नियाची चालक पुस्तिका एरवी तीन सेकंदांचं अंतर सांगते. ६५ ला ते होतं साधारण ८७ मीटर. मागे कोणी चिकटलेला असेल तर ते पाच-सहा सेकंदांवर न्या, कारण आता तुम्ही दोघांसाठी ब्रेक मारणार आहात.

कसं वाढवायचं: ॲक्सिलरेटरवरचा पाय किंचित उचला, वेग तीन-चार मैलांनी उतरू द्या आणि दहा-पंधरा सेकंद तिथेच ठेवा. ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावायचा नाही. अंतर पडलं की पुन्हा ओघाच्या वेगाला या. मागच्याला हे जाणवतही नाही.

विजेची गाडी असेल तर इथे जास्त जपा. एका पेडलवर चालणाऱ्या गाडीत पाय पूर्ण उचलला की गाडी जोरात आवळली जाते आणि ब्रेक दिवेही लागतात. मागच्याला ते मुद्दाम मारलेल्या ब्रेकसारखं दिसतं. पाय एकदम सोडू नका, पेडल हळूहळू वर येऊ द्या. क्रूझ कंट्रोल आपोआप अंतर राखणारं असेल तर ते सगळ्यात लांबच्या अंतरावर ठेवा. जवळच्या अंतरावर ठेवलं की उजवीकडून कोणी मधे घुसल्याक्षणी गाडी स्वतःच झटका देते, आणि मागे चिकटलेला असताना तो झटका महागात पडतो.

आपल्याकडच्या सवयीचा इथे अडथळा होतो. मुंबई-पुण्यात पुढे जागा ठेवली की कोणीतरी घुसतो, म्हणून जागा ठेवायचीच नाही असं अंगवळणी पडलेलं असतं. इथेही कोणी घुसेल. घुसू द्या, आणि पुन्हा अंतर पाडा. प्रत्येक घुसणाऱ्यामागे तुमचे जातात दोन-तीन सेकंद.

पुढे दूरवर ब्रेक दिव्यांची लाल रांग दिसली, तर वेग उतरवायच्या आधी ब्रेक पेडल दोन-तीनदा नुसतं हलकं टेकवा, दिवे लागतील पण गाडी मंदावणार नाही इतकंच. मागच्याला आगाऊ सूचना मिळते. ही सूचना तो दूर असताना आणि पुढे खरंच अडथळा असतानाच द्यायची.

पायरी तिसरी: वाट द्या

तुटक रेषा असेल तर बाहेर पडून त्याला जाऊ देणं हा सगळ्यात चांगला उपाय. पण घाईत लेन बदलताना होणारा अपघात चिकटलेल्या गाडीइतकाच वाईट असतो, म्हणून क्रम पाळा.

१. शेजारच्या लेनचा वेग बघा. तिथे गाड्या तुमच्यापेक्षा १५ मैलांपेक्षा जास्त हळू असतील तर आत्ता बाहेर पडायचं नाही. ६० वरून एकदम २५ च्या ओघात घुसणं म्हणजे समोरच्याच्या मागे जाऊन आदळणं. कारपूल लेनमध्येच ब्रेक मारून तिथल्या वेगाला येणं म्हणजे मागच्याला अंगावर घेणं. शेजारची लेन मोकळी होईपर्यंत अंतर राखून चालत राहा.

२. उजवा इंडिकेटर द्या आणि किमान पाच सेकंद तसाच राहू द्या. फ्रीवेवर लेन बदलताना पुस्तिकाही पाच सेकंदच सांगते.

३. या पाच सेकंदांत मधल्या आरशात त्याचं नाक बघा. चिकटलेला माणूस बहुतेकदा याच क्षणी स्वतःच उजवीकडून झेप घेतो. तुम्ही दोघं एकाच जागेत एकाच वेळी शिरलात तर काय होईल ते सांगायला नको. त्याचं नाक उजवीकडे सरकताना दिसलं की तुम्ही जागेवरच राहा. तो जाऊ दे, काम झालं.

४. उजवा आरसा, मग मान वळवून खांद्यावरून एक नजर. कारपूल लेन आणि शेजारची लेन यांच्या मधून मोटरसायकली हमखास येतात आणि आरशात त्या उशिरा दिसतात. ही नजर कधीच चुकवू नका.

५. वेग न बदलता सरका. आत गेल्यावर मग वेग जुळवा.

तो गेला की पुढची जागा बघून पुन्हा कारपूल लेनमध्ये या. यात जेमतेम मिनिटभर जातं.

जोड रेषा असतील तर हा मार्ग बंद आहे. रेषा ओलांडणं बेकायदा आहे आणि धोक्याचंही, कारण शेजारच्या लेनमधल्या कोणाचीच तिथे कोणी येईल अशी अपेक्षा नसते. इथे करायचं ते एवढंच: पाच-सहा सेकंदांचं अंतर, ओघाचा वेग, हात स्टिअरिंगवर स्थिर, आणि पुढच्या तुटक पट्ट्याची वाट. पट्ट्याआधी पाट्या लागतात, त्यावर पुढच्या एक्झिटची नावं असतात. शेजारी बसलेल्याला त्या वाचू द्या. पट्टा सुरू होण्याच्या थोडं आधी इंडिकेटर लावा, म्हणजे मागच्याला कळतं की तुम्ही वाट देणार आहात. पुष्कळ जण एवढ्यानेही मागे हटतात. पट्ट्यात जागा मिळाली नाही तर संपता संपता घुसायचं नाही, पुढचा पट्टा येतोच. त्यापायी तुमचा एक्झिट चुकला तर चुकू द्या.

डाव्या शोल्डरवर उतरून त्याला वाट देणं कधीही नको. तिथे कचरा, फुटलेले टायर, बंद पडलेली गाडी काहीही असू शकतं, आणि तिथून पुन्हा ६५ च्या ओघात शिरायला वेग घ्यायलाही जागा नसते.

काय करायचं नाही

मुद्दाम ब्रेक मारून त्याला 'धडा शिकवणं' ही सगळ्यात मोठी चूक. मागून धडकणाऱ्याचीच चूक धरतात हा समज अर्धाच खरा आहे. कॅलिफोर्नियात दोष टक्केवारीने वाटतात, आणि कारण नसताना ब्रेक मारल्याचं चित्रण निघालं तर तुमची भरपाई तेवढी कापली जाते. बेदरकार गाडी चालवल्याचा गुन्हाही लागू शकतो.

हॉर्न वाजवू नका. आपल्याकडे हॉर्न म्हणजे 'मी आहे' एवढंच, डिप्पर म्हणजे 'जातोय'. इथे दोन्ही अंगावर आल्यासारखे घेतले जातात. हातवारे नकोत, मान वळवून बघणं नको, तो शेजारून जाताना नजरेला नजर नको. काचा बंद.

हे अतिसावधपण वाटत असेल तर २१ मे २०२१ ची सकाळ आठवा. ऑरेंज काउंटीत ५५ नंबरच्या फ्रीवेवर एक आई सहा वर्षांच्या मुलाला शाळेत नेत होती. गाडी कारपूल लेनमध्ये होती. दुसरी गाडी आडवी आली, लेन सोडून जाताना आईने हाताने एक खूण केली. त्या गाडीतून गोळी झाडली गेली आणि मागच्या सीटवरचं मूल गेलं. गोळी झाडणाऱ्याला पुढे २०२४ मध्ये शिक्षा झाली. इथे अनोळखी गाडीत बंदूक असू शकते, हे गृहीत धरूनच वागायचं.

तो पाठ सोडत नसेल तर

तुम्ही लेन सोडली, तोही मागे आला. तुम्ही एक्झिट घेतला, तोही. आता हा रस्त्यावरचा वाद राहिलेला नाही. घरी जाऊ नका, ऑफिसच्या पार्किंगमध्येही नको, घर आणि गाडी उभी करण्याची जागा त्याला दाखवायची नाही. दारं लॉक, शेजारच्याने ९११ लावावा. सांगायचं या क्रमाने: फ्रीवेचा नंबर, दिशा, शेवटचा ओलांडलेला एक्झिट, मागच्या गाडीचा रंग, कंपनी आणि प्रकार, नंबर प्लेट दिसली तर ती, आणि तो काय करतोय. दिशा विसरू नका. '८८० साउथ, डिकोटो रोड ओलांडला' एवढं सांगितलं तर हायवे पट्रोल पोचू शकतं. फोन चालू ठेवून जवळचं पोलिस स्टेशन, फायर स्टेशन किंवा गजबजलेला पेट्रोल पंप गाठा. पोचल्यावर गाडीतून उतरायचं नाही. सिग्नलला थांबताना पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील इतकं अंतर ठेवा, म्हणजे वळून निघता येतं.

पाठलाग नाही पण माणूस भयंकर चालवतोय, दुसऱ्या कोणाचा जीव घेईल असं दिसतंय, तरीही ९११ च. धोका टळल्यानंतर नुसती तक्रार करायची असेल तर हायवे पट्रोलचा नंबर ८००-८३५-५२४७.

धडक बसलीच तर

आणीबाणीचे चारही दिवे लावा. गाडी चालत असेल आणि कोणाला लागलं नसेल तर कारपूल लेनमध्ये उभं राहायचं नाही. इंडिकेटर देत उजव्या शोल्डरला, त्याहून चांगलं म्हणजे पुढच्या एक्झिटला उतरा. गाडी लेनमध्येच बंद पडली तर धूर किंवा आग नसेल तोवर बेल्ट लावून आत बसा आणि ९११ लावा. डावीकडची भिंत आणि धावत्या गाड्या यांच्या मधे उभं राहणं सगळ्यात धोक्याचं. नुकसान बघायला उतरण्याचा मोह आवरा.

सुरक्षित जागी गेल्यावर लायसन्स, रजिस्ट्रेशन आणि विम्याच्या तपशिलांची देवाणघेवाण करा, नंबर प्लेट दिसेल असे फोटो काढा. 'सॉरी, माझंच चुकलं' हे आपल्या तोंडात सवयीने येतं, ते टाळा. घडलं तेवढंच सांगा. समोरचा चिडलेला असेल तर काच खाली न करता पोलिसांची वाट बघा. कोणाला इजा झाली असेल, मृत्यू झाला असेल किंवा नुकसान १,००० डॉलरच्या वर असेल तर १० दिवसांच्या आत डीएमव्हीला (राज्याच्या मोटार वाहन खात्याला) एसआर-१ फॉर्म भरून द्यावा लागतो. चूक कोणाचीही असो, आणि पोलिस रिपोर्ट झालेला असला तरी हा फॉर्म वेगळा द्यावा लागतो.

विम्याकडे एकदा आत्ताच बघून ठेवा. १ जानेवारी २०२५ पासून कॅलिफोर्नियात किमान विमा एका माणसाच्या इजेसाठी ३०,००० डॉलर, एका अपघातातल्या सगळ्यांसाठी ६०,००० आणि मालमत्तेसाठी १५,००० असा आहे. इथल्या हॉस्पिटलच्या बिलांपुढे तो फार तोकडा आहे, आणि मागून आदळणाऱ्याकडे बहुधा एवढाच असेल किंवा काहीच नसेल असं धरून चाला. म्हणून स्वतःच्या पॉलिसीत विमा नसलेल्या आणि अपुरा विमा असलेल्या चालकांसाठीचं संरक्षण घ्या. कारपूलमध्ये रोज दुसऱ्यांची माणसं बसवत असाल तर ते हवंच.

डॅशकॅम घेणार असाल तर मागच्या काचेवरही एक कॅमेरा लागणारा घ्या, कारण चिकटणारा मागेच असतो. पुढच्या काचेवर कॅमेरा कुठेही चिकटवता येत नाही: वर मध्यभागी ५ इंची चौकोनात, प्रवाशाच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात ७ इंची चौकोनात, किंवा चालकाच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात ५ इंची चौकोनात, आणि एअरबॅगच्या वाटेत नाही. आवाज नोंदवणं बंद ठेवा. कॅलिफोर्नियात खासगी बोलणं सगळ्यांच्या संमतीशिवाय टिपता येत नाही, आणि कारपूलमधल्या गप्पा खासगीच असतात. आवाज चालू ठेवायचाच असेल तर सोबत्यांना आधी विचारा आणि प्रवाशांना दिसेल अशी सूचना गाडीत लावा.